पक्षांतराचा नियम थोडा उशिरा सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणित किंवा विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी, गुणपत्रिकेवर तसा शेरा मारून, विद्यार्थ्याला अकरावीत जाऊ द्यावे, अशी तरतूद राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात असल्याच्या बातम्या २०२४ साली आल्या, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. ती बहुतेक गुणांच्या आकड्याभोवतीच फिरली. मुले गणितात, त्यातही बीजगणितात, नेमकी कोठे अडखळू लागतात, याविषयी फार थोडे लिहिले गेले. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेला शिक्षक म्हणून मला त्यातल्या एकाच जागेविषयी लिहायचे आहे. ती जागा म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत एका चलातील साधी समीकरणे सोडवायला शिकवण्याची आपली प्रचलित रीत.

३क्ष + ७ = २२ हे समीकरण आठवीच्या कोणत्याही वर्गात फळ्यावर लिहावे. बहुतेक मुले ‘सात तिकडे नेला, प्लसचा मायनस झाला’ असे पुटपुटत ३क्ष = १५ या पायरीपर्यंत बिनचूक पोहोचतात, आणि तेथे वर्गाचे दोन भाग पडतात. काही मुले क्ष = ५ लिहितात, तर काही तितक्याच ठामपणे क्ष = १५ − ३ = १२ असे लिहून मोकळी होतात. या दुसऱ्या गटाला आपण निष्काळजी म्हणतो. वास्तविक त्या मुलांनी आपण शिकवलेला नियम इमानाने पाळलेला असतो. सात पलीकडे जाताना उणे झाला, तर तीन पलीकडे जाताना उणे का होऊ नये, या त्यांच्या रास्त शंकेला ‘तो गुणाकारात आहे, म्हणून तो खाली जातो’ असे उत्तर मिळते, म्हणजे एका नियमाला दुसऱ्या नियमाचे ठिगळ लावले जाते. पुढे कंस येतो, छेद येतो, ऋण सहगुणक येतो, आणि प्रत्येकाबरोबर एक नवा नियम येतो. नववीत जाईपर्यंत मुलाजवळ असे बरेच नियम साठतात. त्यांतला कोणता केव्हा लावायचा, हे ठरवण्याचे साधन मात्र त्याच्या हाती नसते.

पक्षांतराचा नियम चुकीचा आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. दोन्ही बाजूंतून ७ वजा केले, की डावीकडचा ७ नाहीसा होतो आणि उजवीकडे −७ दिसू लागतो. त्या कृतीची मधली ओळ गाळून केलेले संक्षिप्त लेखन म्हणजे पक्षांतर. सरावलेल्या माणसाने ते अवश्य वापरावे. ज्याने ती मधली ओळ स्वतःच्या हाताने पुरेशा वेळा लिहिलेली नाही, त्याला मात्र संख्या ‘=’ ओलांडून पलीकडे गेली आणि जाता जाता तिने चिन्ह बदलले, ही एक जादू वाटते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांना याचा दोष देता येणार नाही. सहावीच्या पुस्तकात समीकरणाची ओळख तराजूच्या चित्राने करून दिलेली आहे आणि दोन्ही बाजूंवर समान क्रिया करण्याची रीतही तेथे आहे. परंतु अभ्यासक्रम वेळेत संपवण्याची घाई, तोंडावर आलेली शिष्यवृत्ती परीक्षा, बाजारातली गाइडे आणि शाळेच्या आधी तोच धडा उरकणाऱ्या शिकवण्या यांच्या रेट्यात ही पाने भराभर उलटली जातात, आणि मुलाच्या लक्षात राहते ते ‘बाजू बदल, चिन्ह बदल’ एवढेच.

या गोंधळाचे मूळ आणखी मागे, पहिली-दुसरीच्या वर्गांत आहे. तेथे ‘=’ हे चिन्ह भेटते ते नेहमी ५ + ३ = अशा अपुऱ्या ओळीच्या शेवटी, आणि त्याचा अर्थ मुलाच्या मनात ‘आता उत्तर लिही’ असा ठसतो. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सहावीच्या १४५ मुलांना ८ + ४ = □ + ५ या चौकटीत कोणती संख्या येईल, असे विचारले होते. एकानेही ७ लिहिले नाही. सर्वांची उत्तरे १२ किंवा १७ होती. आपल्याकडे कोणाला याविषयी शंका असेल, तर त्यांनी हाच प्रश्न घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला विचारून पाहावा. मोठ्यांच्या वहीतही ५ + ३ = ८ + २ = १० असे लिहिलेले सर्रास आढळते, आणि किराणा दुकानाच्या हिशोबात त्याने काही बिघडत नाही. बीजगणितात मात्र सगळेच बिघडते, कारण समीकरण हे एक विधान आहे: डावीकडे जी संख्या आहे, तीच उजवीकडेही आहे, फक्त ती निराळ्या प्रकारे लिहिलेली आहे. हे विधान ज्याला कळले, त्याला दोन्हीकडून सारखेच काढले, सारखेच घातले किंवा दोन्हीकडे सारख्याच संख्येने भागले तर समानता टिकते, हे निराळे पाठ करावे लागत नाही.

तराजूचे चित्र यासाठी चांगले आहे. मीही ते वापरत आलो. पण त्याची मर्यादा लवकर येते. पारड्यात उणे पाच किलो ठेवता येत नाहीत, आणि आपली मुले नेमकी ऋण संख्यांपाशीच जास्त गळपटतात. म्हणून मला असे सुचवावेसे वाटते, की तराजूच्या जोडीला वर्गात एक जुने उदाहरण आणावे. ते आपल्याच सह्याद्रीच्या आसऱ्याने राहिलेल्या भास्कराचार्यांचे आहे. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, जन्मलेल्या या गणितज्ञाने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला; लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग होत. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीला जाणाऱ्या किती भाविकांना ठाऊक असेल कोण जाणे, पण भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापल्याचे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख त्याच पाटणचा आहे.

‘बीजगणित’ या ग्रंथातल्या एका अव्यक्ताच्या, म्हणजे अज्ञात संख्येच्या, समीकरणाचे ते उदाहरण असे आहे. एका माणसाजवळ ३०० रुपये (मूळ शब्द ‘रूप’) आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपयांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती सारखीच आहे, तर एका घोड्याची किंमत किती? घोड्याची किंमत क्ष रुपये मानली, तर ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० हे समीकरण मिळते. येथे समानता हे पाटीवरचे चिन्ह राहत नाही. दोन माणसे सारखीच श्रीमंत आहेत, ही गोष्टच समीकरण आहे. शिवाय कर्जाची संख्या ऋण असते, हे मुलाला निराळे पटवून द्यावे लागत नाही. शेतकरी कुटुंबातल्या मुलाला ते आपल्यापेक्षा चांगले समजते.

आता दोघांनीही आपापले सहा-सहा घोडे विकून टाकले, असे समजू आणि आलेले पैसे हिशोबाबाहेर ठेवू. दोघांच्या संपत्तीतून सारखीच रक्कम गेली, म्हणून ते पूर्वीइतकेच एकमेकांच्या बरोबरीचे राहिले. पहिल्याजवळ ३०० रुपये उरले आणि दुसऱ्याजवळ चार घोडे व १०० रुपयांचे कर्ज. मग दोघांनाही कोणी १०० रुपये दिले. पहिल्याजवळ ४०० झाले, दुसऱ्याचे कर्ज फिटून नुसते चार घोडे उरले. चार घोडे म्हणजे ४०० रुपये, एक घोडा म्हणजे १००. एकही संख्या कोठे ‘पलीकडे’ गेली नाही, कोणाचे चिन्ह बदलले नाही, आणि समीकरण सुटले. त्यानंतर हीच कृती ओळीने मांडून दाखवली, तर १०क्ष मधून ६क्ष का जातात आणि −१०० समोर गेल्यासारखा दिसताना अधिक का होतो, हे मूलच सांगू लागते. भास्कराचार्यांची रीतही तीच आहे: दोन पक्ष तुल्य करून घ्यावेत, एका पक्षातले अव्यक्त दुसऱ्यातून आणि दुसऱ्यातले रूप, म्हणजे ज्ञात संख्या, पहिल्यातून वजा करावे, आणि उरलेल्या अव्यक्ताने उरलेल्या रूपाला भागावे. ते दोन्ही पक्ष एकाखाली एक लिहीत आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. ‘=’ हे चिन्ह त्यांच्याजवळ नव्हतेच; ते वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली, म्हणजे चारशे वर्षांनी, छापले. चिन्हावाचून समानतेचा विचार इतका नेटका करता येत होता, ही गोष्ट चिन्ह आधी आणि अर्थ नंतर शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

या उदाहरणाची खरी गंमत त्याच्या पुढच्या भागात आहे, आणि आपल्या सरावसंचांत ती क्वचितच दिसते. घोडे तेच, रुपये तेच, कर्ज तेच ठेवून भास्कराचार्य फक्त अट बदलतात. पहिल्याच्या संपत्तीच्या निम्म्यात दोन मिळवले असता दुसऱ्याची संपत्ती होते, असे म्हटले, तर ३क्ष + १५२ = १०क्ष − १०० होऊन घोड्याची किंमत ३६ येते. पहिल्याची संपत्ती दुसऱ्याच्या तिप्पट आहे, असे म्हटले, तर ६क्ष + ३०० = ३०क्ष − ३०० होऊन ती २५ येते. एकाच माहितीवरून १००, ३६ आणि २५ अशी तीन उत्तरे मिळाली, की अव्यक्ताची किंमत अटीवरून ठरते आणि समीकरण म्हणजे ती अटच लिहून काढणे, हे मुलाच्या ध्यानात येते. सरावसंचातली एकसारखी वीस उदाहरणे सोडवून ते साधेलच असे नाही.

अट लिहून काढणे याच ठिकाणी आपली मुले शाब्दिक उदाहरणे सोडून देतात. क्ष ही एक संख्या आहे, वस्तू नव्हे, हे त्यांना कोणी ठामपणे सांगितलेले नसते. उलट २अ + ३अ समजावताना ‘दोन आंबे आणि तीन आंबे’ असे सांगण्याचा मोह आपल्याला आवरत नाही, आणि अ म्हणजे आंबा हे समीकरण डोक्यात पक्के बसते. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी दर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण धरलेले आहे. एखाद्या शाळेत नेमके तेच प्रमाण असेल, तर विद्यार्थ्यांची संख्या व आणि शिक्षकांची संख्या श मानून समीकरण लिहा, असे सांगितले, की बरेच जण ३०व = श असे लिहितात. यात पदवीधरही असतात. ‘तीस विद्यार्थी, एक शिक्षक’ हे वाक्य त्यांनी शब्दाच्या क्रमाने उतरवलेले असते. तेथे दहा शिक्षक घातले तर विद्यार्थी किती येतात, हे पाहिले असते, तर व = ३०श हे लगेच उमगले असते. म्हणून ‘तिकीट = क्ष’ असे लिहिणाऱ्या मुलाकडून ‘पूर्ण तिकिटाचे भाडे क्ष रुपये मानू’ एवढे पूर्ण वाक्य लिहून घेण्याचा आग्रह मी धरतो. सेमी इंग्रजीच्या वर्गांत हे वाक्य आणखी अवघड होते, कारण उदाहरण एका भाषेत वाचायचे आणि त्याचा विचार दुसऱ्या भाषेत करायचा, अशी मुलाची ओढाताण होते. अशा वर्गात शाब्दिक उदाहरणाची अट मुलाकडून आधी मराठीत बोलून घेतली, तर कोणताही नियम मोडत नाही.

आणखी एका घोटाळ्याविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण तो हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांतही टिकून राहतो. क्ष/२ + क्ष/३ = १० हे समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना लसाविने, म्हणजे ६ ने, गुणायचे, म्हणजे ३क्ष + २क्ष = ६० होते आणि क्ष = १२ मिळतो. हे जमू लागले, की तेच मूल ‘क्ष/२ + क्ष/३ ला सोपे रूप द्या’ या प्रश्नातही ६ ने गुणून ५क्ष असे उत्तर लिहिते. छेद काढून टाकायचे असतात, एवढेच त्याने उचललेले असते. पदावलीला एकच बाजू असते. तिला ६ ने गुणले तर ती सहापट होते, आणि ते भरून काढायला समोर दुसरी बाजू नसते. तिचे सोपे रूप ५क्ष/६ हेच. पदावलीला रूप देणे आणि समीकरण सोडवणे या दोन निराळ्या कृती आहेत. पाठ्यपुस्तकात त्यांची प्रकरणे वेगळी असल्यामुळे त्यांची शेजारी-शेजारी तुलना वर्गात सहसा होतच नाही. शिक्षकाने एकाच तासाला ही दोन उदाहरणे फळ्याच्या दोन अंगांना लिहिली, तर फरक डोळ्यांनी दिसतो.

राहिला ताळ्याचा प्रश्न, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. गणितात उत्तर बरोबर आहे की नाही, हे शिक्षकाला न विचारता, पुस्तकाच्या शेवटची उत्तरसूची न उघडता ठरवता येते, अशा फार थोड्या जागा शाळेत आहेत. समीकरण ही त्यांतली एक. ५ − २(क्ष − ३) = १ हे उदाहरण घ्या. कंस सोडवताना दुसऱ्या पदाचे चिन्ह न बदलता ५ − २क्ष − ६ = १ असे लिहिणारे मूल क्ष = −१ पर्यंत जाते. ती किंमत मूळ समीकरणात घातली, तर डावी बाजू ५ + ८ = १३ येते आणि उजवीकडे १ आहे. चूक झाली आहे, एवढे मुलाला कोणी न सांगता कळते. परत फिरून ५ − २क्ष + ६ = १ असे लिहिले, की क्ष = ५ मिळतो, आणि ५ − २ × २ = १ हे जुळते. आरंभी सांगितलेल्या उदाहरणात क्ष = १२ लिहिणाऱ्या मुलाने ३ × १२ + ७ = ४३ एवढे करून पाहिले असते, तरी त्याला नियमांची यादी पुन्हा आठवत बसावे लागले नसते. असे असूनही ताळा आपल्या वर्गांत पाहुण्यासारखा येतो. पहिल्या दोन सोडवलेल्या उदाहरणांत तो दिसतो, मग ‘वेळ वाचवण्यासाठी’ गळतो, कारण परीक्षेत त्याला सहसा वेगळे गुण नसतात आणि ज्याला गुण नाहीत ते मुलाच्या लेखी नसल्यासारखेच असते.

यावर वर्गात वेळ कोठून आणायचा, असा आक्षेप माझे अनेक शिक्षकबंधू-भगिनी घेतील, आणि तो अनाठायी नाही. निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, ऑनलाइन भरायची माहिती, आणि कित्येक ठिकाणी दोन इयत्तांना एक शिक्षक, हे सगळे मला ठाऊक आहे. तरीही माझा अनुभव असा आहे, की सहावी-सातवीत दोन्ही बाजूंवरची क्रिया प्रत्येक पायरीला लिहायला लावण्यात जे तास जातात, ते नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकवताना परत मिळतात. तेथे दोन समीकरणांची बेरीज किंवा वजाबाकी करून एका चलाचा लोप करायचा असतो, आणि ‘बाजू बदल, चिन्ह बदल’ एवढ्याच शिदोरीवर आलेल्या मुलाला समीकरणांची बेरीज कशी काय करता येते, हेच मुळी कळत नाही. समान राशीत समान राशी मिळवल्या, असे ज्याने सहावीपासून पाहिले आहे, त्याला त्यात नवे काहीच वाटत नाही.

तेव्हा शिक्षण विभागाला आणि मूल्यमापनाचे आराखडे तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की सातवी संपेपर्यंत पक्षांतराचे लघुलेखन वर्गात वापरू नये, अशी स्पष्ट सूचना शिक्षक हस्तपुस्तिकांत द्यावी आणि ताळ्याला स्वतंत्र गुण ठेवावा. आठवीच्या घटक चाचणीत तीन गुणांचे समीकरण असेल, तर दोन गुण पायऱ्यांना आणि एक ताळ्याला द्यावा. ज्या मुलाचे उत्तर चुकले आहे, पण ज्याने किंमत घालून पाहून ‘दोन्ही बाजू समान येत नाहीत, माझे कोठेतरी चुकले आहे’ असे वेळेअभावी नुसते लिहून ठेवले आहे, त्यालाही तो एक गुण पूर्ण मिळाला पाहिजे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
कराड, जि. सातारा